उन्हाळ्याला जावे ते हिवाळ्यात: अणुस्कुरा घाट उतरून राजापूरच्या गरम पाण्यापर्यंत

कोल्हापूरकरांना चालण्याची सवय लावावी लागत नाही. दर पावसाळ्यात पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे निघणाऱ्या मोहिमांत शाळकरी मुलांपासून निवृत्त माणसांपर्यंत सगळे चिखल तुडवत असतात आणि जोतिबाचा डोंगर अनवाणी चढणारेही कमी नाहीत. मात्र गरम पाण्याच्या झऱ्यापर्यंत चालत जाऊन तेथे स्नान करण्याचा बेत आखला की या सवयीच्या माणसांचेही हिशेब चुकतात. चालण्याची तयारी सगळे करतात, स्नानाची कोणीच करत नाही. सुरुवातीच्या काही वर्षांत मीही केली नव्हती. त्यामुळे या लेखात घाट उतरण्याइतकीच जागा कुंडाकाठच्या तासाभराला दिली आहे. दहा-पंधरा जणांचा नवखा गट घेऊन प्रथमच निघणाऱ्यांनी तो भाग घाईने वाचू नये.

आपल्याला सोयीची वाट अशी आहे. कोल्हापुरातून वाहनाने शाहूवाडी तालुक्यातील अणुस्कुऱ्याला जायचे, जुनी फरसबंदी पायवाट उतरून तळकोकणातील येरडव गावात पोचायचे, तेथून पाचल, रायपाटण, ओणी या मार्गाने राजापूर गाठायचे आणि राजापूरला लागून असलेल्या उन्हाळे गावातील झऱ्यावर स्नान करायचे. गावाचे नाव ऐकून नवखे हमखास हसतात. पण ‘ऊन पाणी’ म्हणजे गरम पाणी हा अर्थ आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे आणि तोच उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे, उनपदेव या गरम झऱ्यांच्या गावांना चिकटला आहे. नकाशावर अशा नावाचे गाव दिसले, तर तेथे पाणी तापलेले असण्याची शक्यता धरावी.

आधी पाणी समजून घ्यावे

कोकणातील गरम झरे किनाऱ्याला साधारण समांतर अशा लांब पट्ट्यात विखुरलेले आहेत. उत्तरेला वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, मध्ये महाडजवळचे सव, दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वर परिसरातील आरवली, तुरळ व राजवाडी आणि दक्षिणेला राजापूर असा तो पट्टा आहे. जवळपास ज्वालामुखी असावा अशी अनेकांची समजूत असते, ती चुकीची आहे. सह्याद्रीचा काळा बसाल्ट कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा असला, तरी त्या लाव्ह्याची धग केव्हाच निवली आहे. पावसाचे पाणी खडकातील खोल भेगांमधून खाली झिरपते, खोली वाढेल तसे जमिनीचे तापमान वाढत जाते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस, आणि तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून दाबाने वर येते. या प्रवासात ते खडकातील क्षार सोबत घेते, म्हणून त्याची चव आणि वास आपल्या नळाच्या पाण्यासारखा नसतो. ते पिण्यासाठी वापरू नये.

सर्व झऱ्यांचे पाणी सारखे तापलेले नसते, हे नवख्यांनी मनावर कोरून घ्यावे. राजापूरचे पाणी साधारण ४० अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाला सोसवणारे असते. तुरळचे पाणी उगमापाशी ६० अंशांच्या घरात आहे आणि उन्हवऱ्याचे त्याहूनही कढत. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. एका झऱ्याच्या अनुभवावर विसंबून दुसऱ्या झऱ्यात पाय टाकणे हा या छंदातील सर्वांत महागात पडणारा प्रमाद आहे, आणि नवख्या गटाला मी राजापूरलाच नेतो त्याचे अर्धे कारण हे आहे. उरलेले अर्धे कारण अणुस्कुऱ्याची वाट.

येथे आणखी एक घोटाळा टाळावा. राजापूरची प्रसिद्ध ‘गंगा’ आणि गरम पाण्याचा झरा ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. गंगा उन्हाळे गावाच्याच परिसरात, टेकडीवर, चौदा कुंडांत प्रकटते. ती कायम वाहत नाही. परंपरेने दर तीन वर्षांनी येते असे मानतात, प्रत्यक्षात तिचे येणे-जाणे अनियमित असते. गरम झरा मात्र बारमाही आहे. गंगा आलेली असताना भाविकांची मोठी गर्दी लोटते, म्हणून निघण्यापूर्वी राजापुरात कोणाकडे तरी चौकशी करावी. गंगा पाहायची असेल तर अवश्य जावे, पण शांतपणे स्नान करण्याचा बेत असेल तर तो आठवडा सोडून द्यावा.

महिना आणि मुक्काम

उन्हाळ्याला जावे ते हिवाळ्यात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम आहे. पावसाळ्यात अणुस्कुरा परिसरात धुवाधार पाऊस पडतो, फरसबंदीवर शेवाळ धरते, जळवा लागतात, गाडीरस्त्यावर दरडी येतात आणि खाली अर्जुना व कोदवली या नद्यांचे पाणी राजापूरच्या बाजारपेठेत शिरते. नवख्यांना त्या दिवसांत नेऊ नये. मार्च उजाडला की कोकणातील उकाडा आणि गरम पाणी यांचा मेळ बसत नाही.

आता मुक्कामाचा प्रश्न. बहुतेक गट ही सहल एका दिवसात उरकतात: पहाटे कोल्हापूर, सकाळी घाट, दुपारी झरा, रात्री घरी. मीही पूर्वी तसेच करत असे. हे करू नये, असे मी आता स्पष्टपणे सांगतो. घाट उतरून घामाघूम झालेला, पुरेसे पाणी न प्यालेला आणि भुकेजलेला माणूस दुपारी दीड वाजता, कोकणच्या दमट हवेत, चाळीस अंशांच्या पाण्यात उतरला की त्याच्या शरीरावर चहूबाजूंनी ताण येतो. आमच्या एका सहलीत पन्नाशीतील एक धडधाकट गृहस्थ पाण्यातून ताडकन उठले, दोन पावले चालले, ‘दिसत नाही’ एवढेच म्हणाले आणि खाली बसले. त्यांना बसल्या जागी आडवे केले, पाय पायरीवर उंच ठेवले, ओला पंचा कपाळावर दिला, आणि शुद्ध पूर्ण आल्यावर घोट घोट पाणी व गुळाचा खडा दिला. दहा मिनिटांत ते सावरले, हसूही लागले. पण त्या दहा मिनिटांत माझ्या तोंडचे पाणी पळाले होते. गरम पाण्यात रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, उभे राहताच रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूला ते क्षणभर कमी पडते. शरीरातील पाणी आधीच घामावाटे गेले असेल तर हे घडण्याची शक्यता बरीच वाढते.

म्हणून दोन दिवसांचा बेत करावा. शनिवारी घाट उतरून राजापुरात मुक्काम करावा आणि रविवारी पहाटे स्नानाला जावे. याचा एक फायदा अनुभवाशिवाय पटत नाही. घाट उतरल्याचे दुखणे त्याच दिवशी जाणवत नाही. उतारावर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतात आणि त्याची ठणक दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कळते. त्या ताठरलेल्या पोटऱ्यांना थंडीच्या पहाटे गरम पाणी लागते, तेव्हा आपण ही वाट का चाललो याचे उत्तर आपोआप मिळते. शिवाय त्या वेळी कुंडावर गर्दी नसते.

गट, वर्गणी आणि वाहन

पहिल्या खेपेला बारा ते पंधरा माणसे पुरेत. त्यात वाट माहीत असलेले किमान दोघे हवेत, एक पुढे चालणारा आणि एक सर्वांच्या मागे राहणारा. मागच्याला आमच्या गटात ‘शेपूट’ म्हणतात आणि हे काम सर्वांत शांत स्वभावाच्या माणसाकडे देतात, कारण दमलेल्या माणसाला ‘चला, चला’ म्हणणारा शेपूट असला की दमलेला माणूस आणखी दमतो. वाट माहीत असलेले कोणी नसेल तर अणुस्कुऱ्यातील किंवा येरडवमधील गावकऱ्याला रोजगार देऊन सोबत घ्यावे, त्यात संकोच मानू नये.

नाव नोंदवतानाच प्रत्येकाला काही प्रश्न विचारावेत: रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, फिट येणे, गुडघ्याचे दुखणे, चालू औषधे आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपण. हे प्रश्न चारचौघांत विचारू नयेत. माणसे लाजून खोटे सांगतात. वैयक्तिक फोन करावा आणि स्त्रियांशी गटातील एखाद्या ताईने बोलावे. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी गरम कुंडात बसण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला पाणी किती कढत आहे हे पायाने कळत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी पाणी तपासावे.

वर्गणी आधी गोळा करावी, पूर्ण करावी, आणि शेवटच्या दिवशी ‘आमचे दोघेच येणार’ म्हणणाऱ्यांना वाहनाचा वाटा परत मिळणार नाही हे पहिल्याच दिवशी लिहून कळवावे.

वाहनाच्या बाबतीत या वाटेची एक अडचण आहे. आपण घाटमाथ्यावर उतरतो आणि चालून खाली पोचतो, त्यामुळे गाडीने डांबरी घाटरस्त्याने वळसा घेऊन येरडवला आपली वाट पाहत थांबावे लागते. घाटात मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नसते. एकदा आमचा चालक ‘खाली’ या शब्दाचा अर्थ पाचल असा समजला आणि तेथे चहा पीत निवांत बसला. आम्ही येरडवच्या रस्त्यावर उन्हात दीड तास. चूक त्याची नव्हती, आम्ही ‘खाली थांबा’ एवढेच सांगितले होते. थांबायचे ठिकाण आणि वेळ कागदावर लिहून चालकाच्या हाती द्यावी, आणि ठरलेल्या वेळेनंतर दोन तास कोणी आले नाही तर त्याने काय करायचे हेही त्यात लिहावे.

पंधरा जणांसाठी सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर सोयीची पडते. एसटीने जायचे असल्यास अणुस्कुरामार्गे जाणाऱ्या गाडीची वेळ मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर प्रत्यक्ष विचारावी. येरडवहून पुढे वडाप, म्हणजे प्रवासी घेणारी खासगी जीप, मिळेल या भरवशावर पंधरा माणसे नेऊ नयेत. पंधरा माणसांना एकदम जागा असलेले वडाप मी अद्याप पाहिलेले नाही.

पिशवीत काय असावे

प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी. घाटमाथ्यावर भरून घेतलेले पाणी येरडवपर्यंत पुरले पाहिजे. खाण्यासाठी भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि केळी. खर्डा हवाच असेल तर बेताने. तहान वाढवणारे काहीही उतारावर त्रास देते. बुटांचे तळवे झिजलेले नसावेत, आणि नवे कोरे बूट घालून कोणी येऊ नये. त्यांना आधी महिनाभर रंकाळ्याच्या फेऱ्या मारून सरावून घ्यावे. पायांची नखे आदल्या दिवशी कापावीत. उतारावर बोटे बुटाच्या टोकाला सतत आपटतात आणि वाढलेले नख काळे पडते. गुडघ्याची कुरकूर असणाऱ्याने काठी घ्यावी.

स्नानाची पिशवी पूर्णपणे वेगळी बांधावी आणि ती गाडीतच ठेवावी. त्यात सुती कपड्यांचा एक जोड स्नानासाठी, कोरड्या कपड्यांचा एक जोड नंतरसाठी, पंचा, रबरी तळव्याची चप्पल, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी आणि पाण्याची वेगळी बाटली असावी. पुरुषांनी गुडघ्यापर्यंतची चड्डी व बनियन, स्त्रियांनी गडद रंगाचा सलवार-कुडता किंवा गाऊन असा वेश ठेवावा. हे गावाचे आणि देवस्थानाजवळचे ठिकाण आहे, जलतरण तलाव नाही. चांदीचे दागिने घरी ठेवावेत, अशा पाण्यात चांदी काळवंडू शकते. आमच्या गटातील एका वहिनींच्या जोडव्यांनी हा धडा आम्हा सर्वांना दिला.

घाट उतरताना

कोल्हापुरातून सकाळी सहाला निघावे. मलकापूरवरून एक रस्ता आहे आणि कळे, बाजारभोगावकडून दुसरा. त्या आठवड्यात कोणता सुस्थितीत आहे हे विचारून घ्यावे. वाटेत नाष्टा करून नऊच्या सुमारास अणुस्कुऱ्याला पोचता येते. उगवाई देवीच्या देवळाशी सर्वांनी एकत्र यावे, माणसे मोजावीत, आणि पुढची सूचना सर्वांच्या डोळ्यांना डोळे भिडवून द्यावी: पुढच्याच्या पुढे कोणी जायचे नाही, शेपटाच्या मागे कोणी राहायचे नाही, आडबाजूला जायचे असेल तर शेपटाला सांगून जायचे.

ही वाट देशावरील माल राजापूर बंदराकडे नेणारी जुनी व्यापारी वाट आहे. राजापुरात इंग्रजांची वखार होती आणि १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा त्या वखारीच्या इंग्रजांनी तोफा आणून पन्हाळ्यावर मारा केला. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर लुटून त्याचा हिशेब चुकता केला. पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला राजापूर परके वाटू नये, इतके हे नाते जुने आहे. गटाला ही गोष्ट माथ्यावरच सांगावी. उतरताना सांगू लागलात तर ऐकणारे मागे वळून पाहतात आणि पाय चुकवतात.

फरसबंदी म्हटले की सपाट पायऱ्यांचे चित्र डोळ्यांपुढे येते, तसे येथे नाही. दगड कोठे उखडलेले, कोठे गुळगुळीत झालेले, कोठे पाचोळ्याखाली दडलेले असतात. पाचोळ्याखालच्या दगडावर पाय टाकण्यापूर्वी काठीने किंवा बुटाच्या टोकाने तो चाचपावा. पावले छोटी, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढे न झुकवता चालावे. टाच आपटत उड्या मारत उतरणारे तरुण पहिल्या अर्ध्या तासात कौतुकाचे आणि शेवटच्या अर्ध्या तासात काळजीचे विषय होतात. बुटाचे बंद उतार सुरू होण्यापूर्वी घोट्यापाशी घट्ट आवळावेत म्हणजे पाय पुढे सरकत नाही. नवख्या गटाला उतरायला दोन ते अडीच तास धरावेत आणि दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे थांबून प्रत्येकाने पाणी प्यावे. तहान लागलेली नसली तरी प्यावे.

पायात कोठेही चुरचुरले की लगेच सांगावे, असे मी तीन-तीनदा बजावतो, तरी माणसे फोड फुटल्यावरच बूट काढतात. चुरचुरणाऱ्या जागी वेळीच चिकटपट्टी लावली तर फोड येत नाही. फोड फुटला तर त्या पायाने दुसऱ्या दिवशी कुंडात उतरता येणार नाही. हे कारण सांगितले की माणसे ऐकतात.

या रानात गवे आहेत. समोर गवा दिसल्यास ओरडू नये, दगड मारू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये. जागेवर थांबून त्याला निघून जाण्यास वाट द्यावी. कड्यांना आग्या मोहोळे असू शकतात, त्यामुळे अत्तर, उग्र वासाची फवारणी, धूर आणि आरडाओरडा यांना पूर्ण मनाई असावी.

येरडवला पोचल्यावर पुन्हा माणसे मोजावीत, बूट काढून पाय मोकळे करावेत आणि सावलीत बसून जेवावे.

राजापूरची संध्याकाळ

मुक्कामाची सोय आधी ठरवलेली असावी. तीन-चारच्या सुमारास राजापुरात पोचल्यावर अंग टाकून एक तास विश्रांती घ्यावी आणि साध्या कोमट पाण्याने घाम धुवावा. वेळ व पाय दोन्ही शिल्लक असतील तर जवळच्या धोपेश्वर येथील धूतपापेश्वराच्या देवळात जावे. नदीकाठचे ते जुने देऊळ संध्याकाळी फार शांत असते. रात्री माशांचे जेवण होणारच, आणि ते होऊ नये असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. मात्र मद्य वर्ज्य. रात्रीच्या मद्याने सकाळी शरीर कोरडे पडलेले असते आणि तेच शरीर पहाटे आपण गरम पाण्यात घालणार असतो. गटप्रमुखाने हा नियम वर्गणी घेतानाच सांगावा.

कुंडावर

सकाळी साडेपाचला उठून प्रत्येकाने एक पेला पाणी प्यावे आणि एखादे केळे किंवा दोन बिस्किटे खावीत. अगदी उपाशीपोटीही नको आणि नाष्टा करूनही नको. नाष्ट्यानंतर स्नान करायचेच असेल तर दीड तास जाऊ द्यावा.

झऱ्याजवळ गेल्यावर लगेच कपडे काढण्याची घाई करू नये. तेथे महालक्ष्मीचे देऊळ आहे, गावची माणसे रोजच्या स्नानाला येतात, आणि आपण त्यांच्या जागेत पाहुणे असतो. आधी देवळाशी जाऊन यावे, तेथे कोणी वडीलधारे असतील त्यांना नमस्कार करून स्त्रियांनी व पुरुषांनी कोठे आणि केव्हा स्नान करायचे ते विचारून घ्यावे. पहिल्या खेपेला आमचे काही तरुण थेट पाण्याकडे धावले, तेव्हा तांब्या-बादली घेऊन बसलेल्या एका आजींनी त्यांना थांबवले. ‘आधी पायावर घे, मग गुडघ्यावर, मग पोटावर. डोक्यावर सगळ्यात शेवटी. पाणी काय पळून जात नाही.’ वैद्यकशास्त्र याहून वेगळे सांगत नाही.

क्रम असा ठेवावा. प्रथम कोपराने पाणी तपासावे. तळहात कामाने राठ झालेला असतो, कोपराला उष्णता लवकर कळते. मग पायांवर दोन-तीन तांबे घ्यावेत आणि अर्धा मिनिट थांबावे. त्यानंतर गुडघे, कंबर, खांदे. अंगावरील धूळ व घाम या वेळीच धुऊन काढावा. साबण, शांपू, उटणे काहीही वापरू नये. वाहत्या झऱ्याचे पाणी पुढे कोणाच्या तरी वापरात येते. कुंडात बसायचे असेल तर पाणी छातीच्या खाली राहील असे बसावे. पहिल्या वेळी दहा मिनिटे, फार तर पंधरा. घड्याळ एका माणसाकडे द्यावे आणि तो माणूस त्या फेरीत पाण्यात उतरणार नाही. पुन्हा बसायची इच्छा असेल तर बाहेर येऊन दहा मिनिटे थांबावे, पाणी प्यावे, मग दुसरी फेरी.

डोके पाण्याखाली घालू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात एक अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचल्यास होणारा आजार अत्यंत दुर्मीळ पण बहुधा जीवघेणा असतो. वाहत्या धारेखाली तांब्याने अंघोळ करणाऱ्याने भिण्याचे कारण नाही, फक्त साचलेल्या कुंडात बुडी मारण्याची हौस आवरावी. अंगावर उघडी जखम, फुटलेला फोड किंवा पू झालेले गळू असलेल्याने कुंडात न उतरता वाहत्या पाण्यात पाय धुण्यावर समाधान मानावे. लहान मुलांना पाच मिनिटे पुरेत. त्यांचे शरीर लवकर तापते.

बाहेर येण्याची रीत सर्वांत महत्त्वाची. ताडकन उठू नये. आधी काठावर बसावे, पाय पाण्यातच असू द्यावेत, एक मिनिट शांत श्वास घ्यावा, पंचाने तोंड पुसावे आणि मग कोणाचा तरी हात धरून उभे राहावे. काठावरच्या ओल्या, शेवाळलेल्या दगडावर रबरी चप्पल घालूनच चालावे. चक्कर, मळमळ, छातीत धडधड किंवा डोके ठणकणे यांपैकी काहीही जाणवले तर लाज न बाळगता सांगावे. अशा माणसाला सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत आणि पूर्ण शुद्धीत असेल तरच पाणी द्यावे. छातीत कळ येत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा काही मिनिटांत शुद्ध परत येत नसेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. राजापुरात ग्रामीण रुग्णालय आहे, त्याचा रस्ता चालकाने आदल्या संध्याकाळीच पाहून ठेवावा.

त्वचारोग आणि संधिवात या पाण्याने बरे होतात, असे तेथे अनेकजण सांगतील. गरम पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, हे खरे आहे आणि कोणाच्याही अनुभवाचे आहे. त्यापुढचा दावा ऐकून घ्यावा, वाद घालू नये आणि आपली औषधे बंद करू नयेत.

परतताना

स्नानानंतर लगेच कोरडे कपडे घालावेत, कारण पहाटेचा वारा ओल्या अंगाला चटकन बाधतो. अर्ध्या तासाने भरपेट नाष्टा करावा. कुंडाच्या परिसरात आपण आणलेली प्रत्येक पिशवी, गोळ्यांची वेष्टने आणि विसरलेले मोजे गोळा करण्याचे काम एका माणसाला नाव घेऊन द्यावे. ‘सर्वांनी लक्ष ठेवा’ म्हटले की कोणीच ठेवत नाही. आमच्या एका सहलीत मागे राहिलेली चप्पलजोडी पुढच्या वर्षी त्याच कोनाड्यात जशीच्या तशी सापडली. गावकऱ्यांच्या सचोटीचा तो पुरावा होता आणि आमच्या गबाळेपणाचाही.

गरम पाण्याने सैल झालेली माणसे गाडीत बसताच झोपतात. चालकाने मात्र स्नान केलेले असेल तर त्याला किमान एक तास विश्रांती आणि कडक चहा देऊनच निघावे, आणि पुढच्या आसनावर त्याच्याशी बोलत राहणारा एक जागा माणूस बसवावा. अणुस्कुऱ्याचा चढ दिवसाउजेडी संपवावा. माथ्यावर उगवाईपाशी पुन्हा एकदा माणसे मोजावीत, ओल्या कपड्यांच्या पिशव्या उघडून हवा द्यावी आणि उरलेल्या वर्गणीचा हिशेब तेथेच, सर्वांसमक्ष, कागदावर मांडावा. कोल्हापूरच्या हद्दीत गाडी शिरली की जो तो आपापल्या पेठेच्या कोपऱ्यावर उतरून जातो आणि मग हिशेबाला माणूस सापडत नाही.